जलालपूरची मनकर्णिका

नाशिक शहरातून गोदावरीच्या काठाकाठाने पश्चिमेकडे, म्हणजे नदीच्या उगमाच्या दिशेने चालू लागले की, गंगापूरच्या परिसरात जलालपूर नावाचे एक लहानसे गाव लागते. ब्रह्मगिरीवर उगम पावलेली गोदावरी येथे अजून रामकुंडापर्यंत पोहोचलेली नसते. पंचवटीतील यात्रेकरूंची गर्दी, पुरोहितांची लगबग, घाटांवरील गजबज यांतले काहीही तिने अजून पाहिलेले नसते. या गावी १८६८ साली गोखल्यांच्या घरी एक मुलगी जन्माला आली. तिचे नाव मनकर्णिका ठेवण्यात आले. काशीतील प्रसिद्ध घाटाचे हे नाव त्या काळी महाराष्ट्रातील घरांतून मुलींना मोठ्या हौसेने ठेवीत. झाशीच्या राणीचे माहेरचे नावही हेच. योगायोग असा की, विवाहानंतर त्या राणीप्रमाणेच जलालपूरच्या या मुलीचे नावही लक्ष्मी झाले. मराठी वाचक तिला लक्ष्मीबाई टिळक या नावाने ओळखतात. साठी ओलांडल्यावर तिने आपल्या बालपणाकडे व तारुण्याकडे वळून पाहिले आणि जे दिसले ते सांगितले. त्या सांगण्याचा ग्रंथ झाला. त्याचे नाव ‘स्मृतिचित्रे’.

मनकर्णिकेच्या वडिलांना नाना म्हणत. नाना घरचे सुखवस्तू, परंतु त्यांच्या मनाला एका घटनेने कायमचे घायाळ करून टाकले होते. १८५७ च्या उठावाच्या धामधुमीत त्यांचे सासरे, म्हणजे मनकर्णिकेच्या आईचे वडील, वासुदेव भगवंत जोगळेकर यांना इंग्रज सरकारने फाशी दिली. घरातील वडीलधारा माणूस अशा रीतीने गेल्यावर कुटुंबावर कसले सावट पडले असेल, याची कल्पना करणे कठीण नाही. कोणी या आघाताने संतप्त झाला असता, कोणी खचून गेला असता. नानांचे मन मात्र एका वेगळ्याच वाटेने गेले. त्यांना सोवळ्याचा ध्यास लागला.

आजच्या मुलांनी ‘सोवळे’ हा शब्द ऐकलेला असेल. परंतु त्याचा दैनंदिन व्यवहार पाहिलेला असण्याचा संभव कमी. स्नान करून, दुसऱ्या कोणाचाही स्पर्श न झालेले वस्त्र नेसून स्वयंपाक व पूजा करावयाची, हा त्याचा मूळ अर्थ. धुतलेले धोतर छताखाली टांगलेल्या वलणीवर काठीने वाळत घालावयाचे व काठीनेच काढावयाचे, म्हणजे येणाऱ्याजाणाऱ्याचा हात त्यास लागत नसे. अनेक घरांतून हा आचार शांतपणे व बेताने पाळला जाई. नानांच्या घरी मात्र त्याला बेत उरला नाही. बाहेरून येणारी वस्तू धुतल्यावाचून घरात घ्यावयाची नाही, कोणाची सावली पडेल, कोणाचा पदर लागेल, मूल कोणाला शिवून आले असेल, अशा धास्तीत सारे घर दिवस काढू लागले. मुलांना वडिलांची माया वाटण्याऐवजी धाक वाटे. खेळून आलेल्या पोराच्या अंगाला जी धूळ असते तीही त्या घरात अपराधाची खूण होऊन बसली.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. लक्ष्मीबाईंनी आपल्या पुस्तकाचा आरंभ या हकिकतीपासून केला आहे. वडिलांच्या सोवळ्याची कहाणी सांगण्यापूर्वी ते तसे का झाले हे त्या सांगतात. ज्या मुलीने तो जाच सोसला तिनेच मोठेपणी वडिलांच्या वागण्याचे कारण शोधले. मग तो जाच लहान होता असे त्या म्हणतात काय? मुळीच नाही. जाच तो जाचच. सांगणारीचा स्वर मात्र कडवट नाही. वडिलांच्या विक्षिप्तपणावर त्या हसतात, आपल्याबरोबर वाचकालाही हसवितात, आणि हसता हसता वाचकाच्या लक्षात येते की, हे हसण्यासारखे नव्हते.

या घरात मुलींच्या शाळेचे नाव कोण काढणार? पुण्यात मुलींची शाळा १८४८ मध्येच निघाली होती. आनंदीबाई जोशी लक्ष्मीबाईंपेक्षा अवघ्या तीन वर्षांनी मोठ्या; त्या १८८३ मध्ये वैद्यक शिकण्यासाठी अमेरिकेस गेल्या आणि १८८६ मध्ये पदवीधर झाल्या. तेव्हा काळ अगदीच अंधाराचा होता असे नाही. परंतु दिवा एका घरी लागला म्हणून शेजारच्या घरात उजेड पडतोच असे नाही. जलालपूरच्या मनकर्णिकेच्या वाट्यास पाटी-पेन्सिल आली नाही.

पाटी आली नाही, तरी भाषा आली. आणि ती भरभरून आली. त्या काळची परकरी पोर पहाटे अंथरुणात पडल्यापडल्या जात्याची घरघर ऐके. दळणाऱ्या बायका ओव्या म्हणत. त्यांत माहेर येई, भाऊ येई, सासूचा टोमणा येई, पंढरीचा विठ्ठल येई आणि काळाराम येई. श्रावणात घरोघर कहाण्या सांगितल्या जात. ‘ऐका’ म्हणून सुरुवात व ‘सुफळ संपूर्ण’ म्हणून शेवट, अशा त्या कहाण्यांतील वाक्ये लहान लहान असत. एकेक वाक्य म्हणजे जणू एकेक पाऊल. देवळात पुराण चाले, उत्सवात कीर्तन रंगे. नागपंचमीस झाडाला झोके बांधले जात, आश्विनात भोंडल्याची फेर धरून म्हणावयाची गाणी असत, लग्नकार्यात उखाणे घेतले जात. सागरगोटे खेळतानाही मुली काही ना काही यमक जुळवीत. अक्षर न ओळखणाऱ्या मुलीच्या कानात अशा रीतीने मराठी भाषेचे फार मोठे धन साठत असे. हे धन पुस्तकात बांधलेले नसल्यामुळे त्याला कोणी विद्या म्हणत नसे, एवढेच. लक्ष्मीबाईंच्या लेखनात जी सहजता आहे, जणू समोर बसून कोणी वडीलधारी बाई बोलत आहे असा जो भास होतो, त्याचे मूळ शोधावयाचे तर ते येथे सापडेल. त्यांनी भाषा डोळ्यांनी नव्हे, कानांनी शिकून घेतली होती.

मनकर्णिका अकरा वर्षांची झाली आणि १८८० साली तिचे लग्न लागले. इयत्ता सहावी-सातवीत बसलेल्या विद्यार्थिनींनी हा आकडा पुन्हा एकदा वाचावा. आज ज्या वयात शाळेच्या सहलीची वाट पाहावयाची, त्या वयात ती कपाळी मुंडावळ्या बांधून बोहल्यावर उभी राहिली. त्यात कोणास नवल वाटले नाही. उलट, मुलगी अकरा वर्षांची होईपर्यंत लग्नाची राहिली म्हणजे घरच्यांस काळजी वाटे. पुढे १९२९ मध्ये बालविवाहास आळा घालणारा कायदा झाला व मुलीच्या विवाहाचे वय किमान चौदा ठरले. आज ते अठरा आहे. परंतु १८८० मध्ये तसे काही नव्हते, आणि मुलीला विचारण्याची रीत तर नव्हतीच.

वर होता नारायण वामन टिळक, वय अठरा. त्याचा जन्म कोकणात, रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे १८६१ साली झाला होता. मुलगा मोठा बुद्धिमान व मनाने हळवा. आई लहानपणीच गेली, वडील अत्यंत तापट. तेव्हा घर सोडून तो नाशिकला आला आणि गणेशशास्त्री लेले यांच्यापाशी संस्कृत शिकला. कविता त्याच्या जिभेवर खेळत असे. हाच तरुण पुढे ‘फुलांमुलांचे कवी’ रेव्हरंड टिळक म्हणून महाराष्ट्रात प्रसिद्ध झाला. परंतु कवीची कीर्ती निराळी आणि कवीचा संसार निराळा. तो संसार कसा होता हे जाणून घ्यावयाचे असेल तर कवीला विचारून चालत नाही. त्याच्या घरची चूल ज्या बाईने सांभाळली तिला विचारावे लागते.

लग्नानंतर मनकर्णिकेची लक्ष्मी झाली. माहेरी वडिलांचे सोवळे होते, सासरी सासऱ्यांचा राग होता. सासरे वामनराव यांच्या तापटपणाचे अनेक प्रसंग ‘स्मृतिचित्रे’त आले आहेत. पतीचा स्वभाव प्रेमळ, परंतु विलक्षण लहरी. हाती पैसा आला की तो गरजूला देऊन मोकळे व्हावयाचे, मनात आले की घरात कोणास न सांगता कोठेतरी निघून जावयाचे, असा त्यांचा क्रम. घरी मीठ-मिरची आहे की नाही याची विवंचना करावयास पत्नी होतीच. आज नाशिक, उद्या मुंबई, परवा नागपूर, तेथून पुढे राजनांदगाव, असे बिऱ्हाड हिंडत राहिले. बिऱ्हाड हलविणे म्हणजे काय, हे पुरुषाच्या चरित्रात एका ओळीत येते: अमुक साली ते अमुक गावी गेले. बाईच्या आठवणीत मात्र त्या एका ओळीची भांडी होतात, गाठोडी होतात, आजारी मूल होते आणि नव्या गावात पहिल्या दिवशी चूल कशावर पेटवावी हा प्रश्न होतो.

याच लहरी पतीने त्यांना अक्षरओळख करून दिली, हेही सांगितले पाहिजे. शिकविणे कधी चाले, कधी थांबे. शिकविणारा उतावळा आणि शिकणारीमागे घरकामाचा रगाडा. लक्ष्मीबाई वाचू लागल्या, मोडके-तोडके लिहूही लागल्या, पण लेखणी हाती धरणे त्यांना अखेरपर्यंत जडच गेले. जोडाक्षरांशी त्यांचे सूत कधी जमले नाही. मराठीतील एका उत्तम ग्रंथाची लेखिका जोडाक्षरांपाशी अडखळत असे, ही गोष्ट शुद्धलेखनाचे गुण कापणाऱ्या शिक्षकांनीही कधीमधी आठवावी. शुद्धलेखन शिकू नये असा मात्र याचा अर्थ कोणी करू नये.

१८९५ हे वर्ष त्यांच्या आयुष्यात सर्वांत कठीण ठरले. त्या वर्षी १० फेब्रुवारीस टिळकांनी मुंबईस ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. आप्तेष्टांत एकच हलकल्लोळ उडाला. त्या काळच्या समजुतीप्रमाणे लक्ष्मीबाईंना पती असून नसल्यासारखे झाले. धाकटा मुलगा दत्तू अवघा चार वर्षांचा होता. त्याला घेऊन त्या माहेरच्या माणसांच्या आश्रयाने राहिल्या. पुष्कळसा काळ पंढरपुरात गेला. याच ताटातुटीच्या दिवसांत त्यांच्या मनातील दुःख कवितेच्या रूपाने बाहेर पडू लागले. जात्यावरच्या ओव्यांनी पेरलेले आता उगवून आले म्हणावयाचे.

सुमारे पाच वर्षांनंतर त्या अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, पतीकडे परतल्या. परतल्या तरी आपला आचार त्यांनी सोडला नव्हता. पतीचे घर एकीकडे, आपला स्वयंपाक दुसरीकडे, असा त्यांचा व्यवहार काही काळ चालला. नानांच्या घरातील सोवळे असे दूरवर त्यांच्यामागे आले होते. मग ते सुटले कसे? टिळकांनी त्यासाठी त्यांच्यावर सक्ती केली नाही. लक्ष्मीबाईंनीच स्वतःशी विचार केला. माणसामाणसांत शिवू नये असा भेद देवाने केला की माणसाने, हा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारला. उत्तर मिळाले आणि त्यानंतर कोणाच्याही हातचे अन्नपाणी घेण्यास त्या कचरल्या नाहीत. १९०० मध्ये त्यांनीही पतीचा धर्म स्वीकारला. कोणी कोणता धर्म मानावा हा ज्याच्या त्याच्या अंतःकरणाचा प्रश्न आहे. येथे पाहावयाचे ते इतकेच की, सावलीला भिणाऱ्या घरात वाढलेल्या मुलीच्या घरात पुढे निराधार मुले वाढली, परकी माणसे हक्काने जेवली, आणि ‘बालकवी’ म्हणून प्रसिद्ध झालेले त्र्यंबक बापूजी ठोमरे हे तर तेथे घरच्या मुलासारखे वावरले.

९ मे १९१९ रोजी टिळक वारले. दत्तू, म्हणजे देवदत्त नारायण टिळक, हे वडिलांचे चरित्र लिहिण्याच्या विचारात होते. त्यासाठी त्यांनी आईला आठवणी सांगण्याची विनंती केली. हेतू एवढाच की, चरित्रास उपयोगी अशी काही माहिती हाती यावी. आईने सांगावयास सुरुवात केली आणि माहितीच्या ऐवजी सारे घरच समोर उभे राहिले. टिळकांबरोबर नाना आले, आई आली, बहीण भिकूताई आली, जलालपूरची नदी आली, आणि सर्वांच्या मध्ये परकर नेसलेली मनकर्णिका येऊन उभी राहिली. या आठवणी आधी ‘संजीवनी’ या नियतकालिकातून व पुढे १९३४ पासून पुस्तकरूपाने भागाभागाने प्रसिद्ध झाल्या. पतीच्या चरित्राचे साधन म्हणून जे आरंभले ते पत्नीचे आत्मचरित्र होऊन बसले.

त्यापूर्वी १९१० मध्ये रमाबाई रानडे यांच्या आठवणी प्रसिद्ध झाल्या होत्या. त्याही सुंदर आहेत. परंतु त्यांत पतीविषयीचा आदर इतका आहे की, रमाबाई बहुधा पदराआडूनच बोलतात. लक्ष्मीबाईंना पतीविषयी प्रेम कमी होते असे कोण म्हणेल? तरीही त्या पतीच्या चुका सांगतात, आपल्या सांगतात, आपली भांडणे सांगतात, आणि भांडण संपल्यावर दोघेही कसे हसले तेही सांगतात. मराठी वाचकाला हे अगदी नवे होते.

‘स्मृतिचित्रे’ वाचताना एक गंमत ध्यानात ठेवावी. त्यातील प्रत्येक प्रसंगात दोघीजणी हजर असतात. एक अकरा-बारा वर्षांची मुलगी, जिला पुढे काय होणार याची काहीच वार्ता नाही. आणि दुसरी पासष्टीची आजी, जिला सारे ठाऊक आहे. मुलगी भिते, तेव्हा आजी हसते. मुलगी खुशीत लग्नाची साडी नेसते, तेव्हा आजी किंचित गप्प होते. कोणत्या वाक्यात मुलगी बोलते व कोणत्या वाक्यात आजी, हे ओळखण्याचा खेळ मोठा मनोरंजक आहे. आपल्या घरातील आजी किंवा आजोबा लहानपणीची गोष्ट सांगू लागले म्हणजे हाच खेळ त्यांच्या बोलण्यावरही खेळून पाहता येईल. “आमच्या वेळी असे नव्हते” हे वाक्य त्यांच्या तोंडून आले की विचारावे: मग कसे होते? कोण कोठे बसत असे? पाणी कोण भरीत असे? विहिरीवर कोणाला येऊ देत नसत? पहिल्या प्रश्नाचे उत्तर पटकन मिळते. शेवटच्या प्रश्नाला उत्तर मिळावयास थोडा वेळ लागतो.

आठवणींचे पहिले भाग छापले जात होते त्या वर्षांत नाशिक शहर एका मोठ्या प्रश्नाने ढवळून निघाले होते. २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराच्या प्रवेशासाठी सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाड आदी कार्यकर्त्यांनी हा लढा पुढे काही वर्षे चालविला. रामकुंडाच्या काठी हजारो माणसे विचारीत होती की, आमच्या स्पर्शाने देव बाटतो कसा? ज्या कल्पनेने जलालपूरच्या एका घरातील लेकरांचे बालपण झाकोळून टाकले, त्याच कल्पनेने एका मोठ्या समाजाला पिढ्यान्‌पिढ्या पाण्यापासून व देवळापासून दूर ठेवले होते. दोहोंतील दुःख सारखे नव्हे. नानांच्या मुलांना घरात धाक होता, पण घर होते, अन्न होते, गावात मान होता. दाराबाहेर उभ्या असलेल्यांना त्यांपैकी फारच थोडे लाभले होते. नानांच्या घराची कथा आतून सांगितलेली आहे. दाराबाहेरच्या माणसांनी आपली कथा सांगावयास आरंभ केला तो मराठीत पुढे दलित साहित्याच्या रूपाने. आणि त्या साहित्यातील एक अग्रणी लेखक बाबूराव बागूल हेही १९३० मध्ये नाशिकजवळच्या विहितगावी जन्मले. दोन्ही कथा शेजारी शेजारी ठेवून वाचल्या म्हणजे नाशिकच्या त्या काळाचे चित्र पुरे होऊ लागते.

पतीच्या निधनानंतर लक्ष्मीबाई मुंबईस राहिल्या, काही वर्षे मुलाकडे कराचीत राहिल्या आणि अखेरीस नाशिकला परत आल्या. टिळकांनी आरंभलेले ‘ख्रिस्तायन’ हे दीर्घकाव्य त्यांनी पूर्णतेस नेले. ‘स्मृतिचित्रे’चे काम त्याबरोबर चालूच होते. जन्मगाव तेथून काही कोसांवर, नदी तीच. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी नाशिक येथे त्यांचे निधन झाले, तेव्हा आठवणींचा चौथा भाग वाचकांच्या हाती यावयाचा होता. तो त्याच वर्षी, त्यांच्या पश्चात प्रसिद्ध झाला. पुढे १९५० मध्ये जोसेफिन इंकस्टर यांनी आणि २०१७ मध्ये शांता गोखले यांनी या ग्रंथाचा इंग्रजी अनुवाद केला. नानांचे सोवळे, भिकूताईंची माया आणि जलालपूरच्या घरातील ती भित्री, हसरी मुलगी ही सारी त्या वाटेने समुद्रापलीकडच्या वाचकांनाही भेटली.